लॉजमध्ये यायचं म्हणतोस, तर

दादर, मुंबई

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ‘काका, मला तुमच्या लॉजमध्ये यायचंय, फॉर्म पाठवा,’ एवढंच लिहिलंस. फॉर्म पाठवत नाही, हे पत्र पाठवतो. ते नीट वाच, सूनबाईलाही वाचायला दे, आणि त्यानंतरही यावंसं वाटलं तर पुन्हा विचार. आम्ही कुणाला बोलवायला जात नाही. ज्याला यायचं त्यानं आपण होऊन विचारावं, असा जुना रिवाज आहे. तू विचारलंस, हे मला आवडलं. पण का विचारलंस, ते आधी तुझं तुला स्पष्ट झालं पाहिजे.

तुझी आई फोनवर म्हणाली, की हिंजवडीत तुझ्या कंपनीतला कुणी मोठा अधिकारी मेसन, म्हणजे आमच्यासारखाच फ्रीमेसन लॉजचा सभासद, आहे, त्याच्या ओळखी दूरवर आहेत, असं तू घरी सांगत होतास. ओळखींसाठी येणार असशील तर येऊ नकोस. प्रवेशाच्या वेळी तुला भरल्या सभेत तोंडानं कबूल करावं लागतं, की मी कुणाच्या भिडेखातर आलेलो नाही आणि पैशाच्या किंवा लाभाच्या आशेनंही आलेलो नाही. मनात दुसरं काही असेल तर पहिलं पाऊल टाकतानाच खोटं बोलणं आलं. ओळखीच हव्या असतील तर त्यासाठी तुमच्या धंद्याच्या परिषदा आहेत, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आहेत. तिथे तेच करायला सगळे येतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

आता लॉज म्हणजे काय ते सांगतो. यूट्यूबवर तू जे पाहिलं असशील ते बाजूला ठेव. परंपरा अशी सांगते, की २४ जून १७१७ रोजी लंडनमध्ये, सेंट पॉल चर्चच्या आवारातल्या ‘गूज अँड ग्रिडायर्न’ नावाच्या मद्यगृहात चार लॉजेस एकत्र आली आणि त्या सगळ्यांवरचं पहिलं ग्रँड लॉज उभं राहिलं. मध्ययुगातल्या दगडी बांधकाम करणाऱ्या गवंड्यांच्या संघटनांचा वारसा त्यांनी घेतला. गुण्या, कर्कटक, ओळंबा, पाणसळ, छिन्नी ही गवंड्याची हत्यारं घेतली आणि वागणुकीचे धडे देण्यासाठी ती वापरली. १७२३ साली जेम्स अँडरसन या धर्मोपदेशकानं पहिलं नियमपुस्तक छापलं. त्यातली दोन कलमं मला आजही सगळ्यांत मोलाची वाटतात. माणूस कुठल्या पंथाचा हे विचारायचं नाही, तो ईश्वराला मानणारा आणि सचोटीचा असला म्हणजे झालं. आणि लॉजच्या दारातून आत धर्माचा वाद किंवा राजकारण आणायचं नाही. इंग्लंडमध्ये धर्मावरून रक्तपात होऊन फार काळ लोटलेला नव्हता, त्या दिवसांत हे लिहिलं गेलं. मार्गारेट जेकब या इतिहासकार बाईंनी अठराव्या शतकातल्या युरोपीय लॉजेसचा बारकाईनं अभ्यास केला आहे. त्यांचं म्हणणं असं, की राजेशाहीत वाढलेल्या माणसांनी लिखित घटना, निवडणूक, बहुमत आणि हिशेब देण्याची जबाबदारी यांचा सराव जिथे केला, त्या मोजक्या जागांपैकी लॉज ही एक होती. मला हे पूर्ण पटतं. लॉजची खरी कमाई मला सरावातच दिसते, आणि पुढे मी जे लिहिणार आहे त्यातलं बरंचसं या सरावाबद्दलच आहे.

पण त्याआधी आपल्या मुंबईची गोष्ट तुला माहीत हवी. ती माहीत नसताना कुणी ‘विश्वबंधुत्व’ म्हणू लागला की मला अस्वस्थ व्हायला होतं.

कलकत्त्यात १७३० साली लॉज सुरू झालं, मुंबईत १७५८ साली. तिथून पुढे ऐंशीहून जास्त वर्षं मुंबईतलं हे बंधुत्व गोऱ्यांपुरतंच होतं. माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ होते, विद्वान, सुधारक. पुढे याच माणसानं मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून १८६३ साली अलेक्झांड्रा गर्ल्स स्कूल काढलं. त्यांना मेसन व्हायचं होतं. मुंबईत त्यांना दार उघडेना. ते विलायतेला गेले, तिथेही जमलं नाही. शेवटी पॅरिसच्या एका लॉजनं त्यांना आत घेतलं. म्हणजे रीतसर मेसन होऊन ते मुंबईत परतले, आणि तरीही इथल्या गोऱ्या बंधूंनी त्यांना आपल्या लॉजचं सभासद करून घेतलं नाही. नियमपुस्तक तेच, शपथ तीच, फक्त माणूस काळा.

तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स पुढे आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले हे स्कॉटिश डॉक्टर पश्चिम भारतातल्या स्कॉटिश लॉजेसचे प्रमुख होते. त्यांच्या पुढाकारानं १५ डिसेंबर १८४३ रोजी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं. एतद्देशीयांना प्रवेश मिळावा हाच त्याचा हेतू होता. सुरुवातीला आत आलेल्यांमध्ये पारशी होते, मुसलमान होते. हिंदूंचा प्रश्न आणखी रेंगाळला. अनेक देव मानणारा माणूस एका ईश्वराच्या नावानं शपथ कशी घेणार, असा युक्तिवाद केला जाई. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त या गोष्टीसाठी वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या करत, भांडत राहिले आणि १८७२ साली त्यांना प्रवेश मिळाला. पुढे बारा वर्षांनी, १८८४ साली, त्याच शहरातल्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण दाखल झाला. त्याला जग विवेकानंद म्हणून ओळखतं. आपल्याकडे दादाभाई नौरोजी मेसन होते, प्राच्यविद्येचे पंडित खरशेदजी कामा होते.

हे मी अभिमानानं सांगतो, पण माणेकजींचा पॅरिसचा हेलपाटा विसरून सांगत नाही. अमेरिकेतही तेच झालं. प्रिन्स हॉल या बॉस्टनच्या कृष्णवर्णीय माणसाला आणि त्याच्या चौदा सोबत्यांना १७७५ साली एका ब्रिटिश लष्करी लॉजनं दीक्षा दिली. तिथल्या गोऱ्या लॉजेसनी त्यांना जवळ केलं नाही. त्यांनी इंग्लंडहून सनद मागवली आणि स्वतःची परंपरा उभी केली. गोऱ्या ग्रँड लॉजेसनी तिला मान्यता द्यायला सुरुवात केली ती १९८९ साली. दोनशे वर्षं! म्हणून तुला सांगतो, कुठल्याही लॉजचं माप घ्यायचं असेल तर भिंतीवरची तत्त्वं वाचत बसू नकोस. दाराबाहेर कोण उभं आहे आणि का, ते पाहा.

आता आत काय आहे ते. फोर्टमध्ये डी. सुखाडवाला मार्गावर फ्रीमेसन्स हॉल आहे. तू त्याच्यावरून अनेकदा गेला असशील, लक्षात आला नसेल. १९६१ साली स्वतंत्र ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं, तरी काही जुनी लॉजेस आपापल्या मूळ सनदेखाली राहिली. त्यामुळे भारतीय, इंग्लिश आणि स्कॉटिश सनदेची लॉजेस मुंबईत आजही शेजारी शेजारी नांदतात. सभेच्या खोलीत मधोमध काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी. पूर्वेला मास्टर, म्हणजे लॉजचा अध्यक्ष, बसतो, पश्चिमेला सीनियर वॉर्डन, दक्षिणेला ज्युनियर वॉर्डन. दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन टायलर उभा. आणि आपल्याकडच्या लॉजमध्ये जी गोष्ट पाहून बाहेरदेशीचे बंधू थबकतात, ती म्हणजे ग्रंथ. गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहिब, जसे सभासद तसे ग्रंथ शेजारी शेजारी उघडे ठेवलेले असतात. ज्याचा जो ग्रंथ त्यावर हात ठेवून त्यानं शपथ घ्यायची. गेल्या काही वर्षांत बाहेरची हवा कशी झाली आहे ते तू पाहतोसच. अशा दिवसांत ती पुस्तकं एका ओळीत उघडी पाहिली की माझा ऊर भरून येतो, हे लपवण्यासारखं नाही.

खुणा आणि संकेतशब्द मी तुला सांगणार नाही, तसं वचन दिलेलं आहे. बाकी विधीत गुपित असं फारसं उरलेलं नाही. सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसानं १७३० सालीच लंडनमध्ये ‘मेसनरी डिसेक्टेड’ हे पुस्तक छापून तेव्हाचा विधी चव्हाट्यावर आणला होता, आणि आता तर सगळंच छापील मिळतं. त्यातली एक गोष्ट तुला सांगतो, कारण ती मला सगळ्यांत खोल वाटते. आत नेण्याआधी उमेदवाराच्या अंगावरचं सगळं धातूचं काढून घेतात. घड्याळ, अंगठी, साखळी, पाकीट, सुटी नाणी, सगळं. डोळ्यांवर पट्टी बांधतात, पँटचा एक पाय दुमडतात. बँकेचा चेअरमन असो की कारकून, सगळे त्याच अवतारात आत येतात. पुढे शपथ होते, पट्टी सुटते, आणि मग गरजूंच्या मदतीसाठी त्याच्यापुढे हात पसरला जातो. तो सवयीनं खिशाकडे हात नेतो. खिशात काही नसतं. सगळी खोली पाहत असते आणि देण्यासारखं जवळ काही नाही. त्या क्षणी भल्याभल्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला आहे. मग त्याला समजावून सांगतात, की पुढे कधी कुणी रिकाम्या हातानं तुझ्यासमोर आला तर हा क्षण आठव. दानावर मी पुष्कळ भाषणं ऐकली. ती विसरलो. हे विसरलो नाही.

दुसरी गोष्ट पाठांतराची. विधीचे सगळे उतारे तोंडपाठ म्हणायचे असतात, हातात कागद घ्यायचा नाही. भाषा जुन्या वळणाची इंग्रजी, एकेक वाक्य पाच-सहा ओळींचं. आमच्या लॉजमध्ये एका सहकारी बँकेतले शाखाधिकारी होते, बदलापूरहून यायचे. मराठी माध्यम, इंग्रजी आठवीपासून. लोकलमध्ये वर्तमानपत्राच्या घडीत उतारा ठेवून ते पाठ करत. ओठ हलताना दिसत, आवाज नाही. एका समारंभात ऐन मध्यावर ते अडले. खोलीत टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. त्यांच्या मागे एक माजी मास्टर बसले होते, दोन कारखान्यांचे मालक. त्यांनी पुढचा फक्त एक शब्द उच्चारला, हलक्या आवाजात. गाडी रुळावर आली. कुणी हसलं नाही, नंतर जेवताना कुणी विषयही काढला नाही. काही वर्षांनी हेच शाखाधिकारी मास्टर झाले. त्यांच्या कारकिर्दीत आतल्या दारावर उभा राहणारा अधिकारी आजारी पडला, तेव्हा ती जागा त्या कारखानदारांनी आपण होऊन घेतली. अनेक सभांना ते दाराशी उभे राहिले. कोण आलं ते मास्टरना सांगून, परवानगी घेऊन मगच दार उघडायचं, हे त्यांचं काम. बाहेर या दोघांची गाठ पडली असती तर ती कर्जाच्या टेबलापाशी, आणि कदाचित एकदाच.

मास्टरची खुर्ची एका वर्षाची असते. वर्ष संपलं की उठायचं आणि ज्याला तुम्ही शिकवलंत त्याच्या हाताखाली बसायचं. आपल्याकडच्या संस्था आठव. हाउसिंग सोसायटी, वाचनालय, ज्ञाती मंडळ, गणेशोत्सव मंडळ. माणसं कष्टानं संस्था उभी करतात, नेकीनं चालवतात आणि खुर्ची मात्र शेवटपर्यंत सोडत नाहीत. मग पुढची पिढी येतच नाही आणि संस्था त्यांच्याबरोबर संपते. खुर्ची सोडणं हे शिकावं लागतं, आपोआप येत नाही. मी ते लॉजमध्ये शिकलो. सभेत उभं राहून बोलणं, अध्यक्षाला उद्देशून बोलणं, आपलं म्हणणं फेटाळलं गेलं तरी पुढच्या महिन्यात हजर राहणं, हेही तिथेच. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतभेद झाला की माणूस ग्रुप सोडतो. इथे त्याच माणसाशेजारी बसून जेवायचं असतं.

तू म्हणशील, एकमेकांना धरून राहणं आपल्या लोकांना काय नवीन आहे? नाहीच. गिरणगावात कोकणातल्या नि घाटावरच्या एकेका गावाची माणसं मिळून खोली घेत. नोकरी लावण्यापासून मयतापर्यंतचा खर्च गावकीच्या वर्गणीतून होई, उरलेल्या पैशांतून गावाकडे देऊळ नि शाळा बांधली जाई. धोबी तलावला जेर महालात आणि आसपास गोंयकारांच्या कूड, म्हणजे एकेका गावाच्या राहण्याच्या सामाईक जागा, होत्या, काही अजून आहेत. बोटीवर जाणारा खलाशी आपल्या गावच्या कुडीत पेटी ठेवायचा, संध्याकाळी सगळ्यांबरोबर तेर्साला, म्हणजे प्रार्थनेला, बसायचा. या संस्थांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण तिथे माणूस गावामुळे, रक्तामुळे आपला असतो. लॉजमध्ये ज्याच्याशी ना गाव, ना जात, ना भाषा, ना धंदा, अशा माणसाला तू भाऊ म्हणतोस आणि मग ते निभवावं लागतं. ते जास्त अवघड आहे.

निभावणं म्हणजे काय ते २०२१च्या एप्रिलमध्ये दिसलं. आमचे एक बंधू कोविडनं गेले, चाळिशीतच. पत्नीला कशाची काही कल्पना नव्हती. लॉकरची किल्ली कुठे, नॉमिनी कोण, विम्याचे कागद कुठे, काही नाही. आमचे अल्मोनर, म्हणजे सभासदांच्या सुखदुःखाची जबाबदारी असलेले अधिकारी, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी एका वहीत यादी केली आणि रोज ठरल्या वेळी फोन करायला सुरुवात केली. एका बंधूनं, जो सीए आहे, आयकराचं पाहिलं. दुसऱ्यानं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तिच्या नावावर करून घेतलं. गॅसचं कनेक्शन, विजेचं मीटर, मुलीच्या शाळेची फी. यातलं एकही काम मोठं नाही. पण नवरा गेलेल्या बाईला प्रत्येक खिडकीवर तीच कहाणी पुन्हा सांगावी लागते, ते तिचं वाचलं. तो रोजचा फोन आता आठवड्याचा झाला आहे, पण बंद झालेला नाही.

हे लॉजेसचं जुनंच काम आहे. इंग्लंडमध्ये ऑडफेलोज, फॉरेस्टर्स अशा कामगारांच्या बंधुसंस्था होत्या. दर आठवड्याला काही पेन्स भरायचे, आजारी पडलात तर संस्था पगार देणार, डॉक्टर देणार, मेलात तर अंत्यविधी करणार. १९११ साली सरकारनं राष्ट्रीय विम्याचा कायदा केला, पुढे १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा आली, आणि या संस्थांची मूळ गरजच कमी झाली. ते चांगलंच झालं, आजारपणातली मदत वर्गणीवर अवलंबून असू नये. पण त्याबरोबर माणसांचं नियमानं भेटणंही ओसरलं. अमेरिकेत १९५९ साली एकेचाळीस लाखांच्या आसपास मेसन होते. आज दहा लाखांहून कमी आहेत, आणि लोकसंख्या मात्र खूप वाढलेली. रॉबर्ट पुटनम यांनी २००० साली ‘बोलिंग अलोन’ हे पुस्तक याच विषयावर लिहिलं. लॉज, चर्च, पालकसंघ, सगळीकडची उपस्थिती का रोडावली याचा त्यात शोध आहे. टीव्ही, लांबचा प्रवास, घरातल्या दोघांच्या नोकऱ्या, पिढीचा बदल. तुझ्याकडे बघितलं की मला ती सगळी कारणं एकत्र दिसतात. पुण्यात पाच वर्षं राहतोस, शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण आहे ते तुला सांगता आलं नाही. एकटेपणानंच तू लॉजचा विचार करत असशील, असा मला दाट संशय आहे. तसं असेल तर लाजू नकोस. ओळखींपेक्षा ते कारण कितीतरी चांगलं आहे.

कारस्थानांच्या गोष्टींवर फार लिहीत नाही. बव्हेरियातली इल्युमिनाटी ही १७७६ साली निघालेली वेगळीच मंडळी होती, दहाएक वर्षांत सरकारनं ती मोडून काढली. जगावर राज्य वगैरे निव्वळ बाता आहेत. पण इटलीतलं ‘पी टू’ लॉज ही बात नाही, तो घडलेला प्रकार आहे. १९८१ साली लिचो जेल्ली या माणसाकडे पोलिसांना ९६२ नावांची यादी सापडली. मंत्री, सेनाधिकारी, बँकर, संपादक. सरकार पडलं. इटलीतल्या ग्रँड ओरिएंट या मेसनांच्या मुख्य संस्थेनं त्या लॉजला १९७६ सालीच बाहेरचा रस्ता दाखवला होता, पण त्यानंतरही त्याचा कारभार लपूनछपून चालूच राहिला होता. बंद दार आणि लाभाची ओढ एकत्र आली की असं होतं. सुरुवातीला ओळखींबद्दल मी एवढं कडक का लिहिलं, ते आता तुझ्या ध्यानात येईल.

तुझ्या ताईनं मला विचारलं, ‘काका, मी का नाही?’ तिला जे सांगितलं तेच तुला सांगतो. आमच्या लॉजमध्ये बायकांना सभासद होता येत नाही, आणि हे मला पटत नाही. फ्रान्समध्ये मारिया देरेम यांनी १८९३ साली स्त्री-पुरुषांचं एकत्र लॉज काढलं, ॲनी बेझंट यांनी तेच भारतात आणलं. इंग्लंडमध्ये शंभराहून जास्त वर्षं स्त्रियांची स्वतंत्र लॉजेस चालत आली आहेत. वेगळं चालतं म्हणून आमचं दार बंद राहणं योग्य ठरत नाही. माणेकजींनाही ‘तुमच्या लोकांचं वेगळं काढा’ असंच सांगता आलं असतं. शिवाय दुसरं एक दार आहे, त्याची चर्चा होत नाही. काळा सूट, वार्षिक वर्गणी, प्रत्येक सभेनंतरच्या जेवणाचा खर्च आणि इंग्रजी. तो बदलापूरचा शाखाधिकारी आत आला, त्याच्याच बँकेतला शिपाई येऊ शकला नसता. विधी मराठीत व्हावा असा आग्रह मी धरत आलो आहे, अजून यश आलेलं नाही. तू आलास तर हे दोन्ही प्रश्न सभेत उचलून धर. मतं फिरवायला तुझ्या पिढीचे हात लागतील.

आता व्यवहाराचं. महिन्यातून एक संध्याकाळ, शिवाय तालमीच्या संध्याकाळी वेगळ्या. मोबाइल बंद. ‘ऑन कॉल आहे’ ही सबब एखाद-दुसऱ्या वेळी चालेल, दर महिन्याला चालणार नाही. पदाच्या पायऱ्या चढत मास्टरच्या खुर्चीपर्यंत जायला सात-आठ वर्षं लागतात. तोवर तुझी बदली बंगळुरूला झाली तर तिथे लॉज आहे, पण ती माणसं नवी असतील, पुन्हा पहिल्यापासून. पैशांची ओढाताण असेल तर येऊ नकोस, घरखर्चाला कात्री लावून वर्गणी भरू नये असं आमचेच नियम सांगतात. अर्जावर दोन सभासदांच्या सह्या लागतात, सूचक आणि अनुमोदक. मग आमची माणसं तुझ्या घरी येतील, सूनबाईशी बोलतील. तिची मनापासून संमती नसेल तर अर्ज पुढे जात नाही. त्यानंतर गुप्त मतदान, पांढऱ्या आणि काळ्या गोट्यांनी. मोजक्या काळ्या गोट्या पडल्या तरी अर्ज बाद होतो आणि का पडल्या ते कुणी सांगत नाही. तू माझा पुतण्या आहेस याचा तिथे काडीचा उपयोग नाही, आणि मी तुझा सूचकही होणार नाही. मला सोडून दोन माणसांनी तुला ओळखलं पाहिजे.

त्यासाठी वेळ दे. आमच्या वार्षिक समारंभानंतरच्या जेवणाला घरच्या मंडळींना बोलावतात, त्याला सूनबाईला आणि ताईला घेऊन ये. माझ्या टेबलावर बसू नकोस. आमच्या अल्मोनरच्या शेजारी बस आणि त्यांची वही कशी चालते ते विचार. ताईला जे विचारायचं असेल ते तिनं थेट मास्टरांना विचारावं. मग वर्षभर येत-जात राहा, रक्तदानाला ये, मदतीच्या कामाला ये. एवढं करून पुढच्या दिवाळीला तुझं मन तसंच असेल तर फॉर्म माग. त्या वेळी मी एका दिवसाचाही उशीर करणार नाही.

आईला नमस्कार सांग. मुलांना गोड पापा.

तुझा,
काका